चौदा नंबरच्या लाइनीतील दोष माझा असल्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
धनवंती जिनिंग व प्रेसिंग कारखाना,
भंडारा रोड, नागपूर.

अर्जदार : बाबाराव नत्थूजी गिरडकर, टेलिफोन मेकॅनिक, तिकीट नंबर ११२.

विषय : टेलिफोन ऑपरेटर कु. पुष्पलता मारोतराव डोर्लीकर यांच्यावरील ‘कामाच्या वेळी झोप’ हा ठपका काढून तो योग्य माणसावर ठेवण्याबाबत.

संदर्भ : १) बडतर्फीचा आदेश, दि. ३० एप्रिल १९७४.
२) माझे अर्ज, दि. २८ ऑक्टोबर व २५ नोव्हेंबर १९७४, आणि त्यांवरील कार्यालयाची दोन उत्तरे.

महोदय,

१. मी या कारखान्यात सन १९५९ पासून टेलिफोन मेकॅनिक म्हणून नोकरीस आहे. आपण या महिन्याच्या पहिल्या तारखेस रुजू झालात, त्यामुळे गेल्या एप्रिलच्या आगीचे प्रकरण आपणास केवळ फाइलीतून माहीत असणार. त्या फाइलीतील मुख्य वाक्य खोटे आहे. ते वाक्य माझ्या तोंडचे आहे. म्हणून सर्व हकिकत मुळापासून लिहीत आहे. याआधीचे माझे दोन अर्ज तोकडे होते. ते तोकडे का होते, तेही पुढे लिहिले आहे.

२. आपल्या कार्यालयाशेजारच्या खोलीत वीस लाइनींचा टेलिफोन बोर्ड आहे. कारखान्यातील कोणत्याही फोनचे हँडल कुणी फिरवले की बोर्डावर त्या नंबरची पितळी झाकणी पडते, घंटी वाजते आणि ऑपरेटर त्या नंबरवर बोलू लागते. झाकणी पडली नाही तर पलीकडून कुणी बोलावत आहे हे ऑपरेटरला कळण्यास दुसरा मार्ग नाही. चौदा नंबरची लाइन रुईच्या गोदामाची आहे. रुई दाबून गाठी बांधणारे प्रेसघर आणि गोदाम यांच्यामधल्या सामाईक भिंतीवरून ती जाते. बोर्डावर पुष्पलताबाई अकरा वर्षे होत्या. जेवणासाठी उठताना त्या बदलीच्या माणसाला जागेवर बसवल्याशिवाय खुर्ची सोडत नसत. हे मी चौकशीत सांगावयास हवे होते. मला कुणी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही.

३. सन १९७४ च्या जानेवारी ते मार्च या काळात पुष्पलताबाईंनी चौदा नंबरबद्दल माझ्याकडे तीन लेखी तक्रारी केल्या. लाइन कधी चालते, कधी मरते, असे त्यांत होते. तिन्ही वेळा मी गोदामात जाऊन हँडल फिरवले, बाईंनी लगेच उत्तर दिले, आणि मी रजिस्टरात ‘लाइन तपासली, दोष नाही’ असे लिहून सही केली. येथे नमूद करणे भाग आहे की तिन्ही तपासण्या मी दुपारी साडेबारा ते एक या सुट्टीतच केल्या. त्या वेळी गोदामात रुईचा धुरळा उडत नाही आणि प्रेसचा आवाज नसतो, म्हणजे माझी सोय असते. प्रेस त्या अर्ध्या तासात बंद असते.

बाईंनी मला तोंडी सांगितले होते, तेही चहाच्या टपरीवर, चार माणसांसमोर. त्या म्हणाल्या, “गिरडकरभाऊ, प्रेस सुरू राहिली ना, का हे चौदा नंबर मरून जाते. प्रेस बंद झाली का जिती होते. तुम्ही प्रेस चालू असताना येऊन पाहा ना एकदा.” त्यावर मी म्हणालो, “काहून वं बाई, तार काय प्रेसले भेते का?” सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या कप ठेवून बोर्डावर परत गेल्या. साहेब, त्यांनी त्या एका वाक्यात दोष शोधून माझ्या हातात ठेवला होता. पंधरा वर्षांचा मेकॅनिक मी होतो, आणि मी त्याची थट्टा केली.

४. मंगळवार दि. २ एप्रिल १९७४ रोजी दुपारी पावणेचारच्या सुमारास गोदामात आग लागली. ठिणगी कुठून आली ते आजवर कळलेले नाही, आणि तो या अर्जाचा विषय नाही. पहारेकरी भैयाजी बावणे यांनी धूर दिसताच फोनचे हँडल फिरवले. बोर्डावरून उत्तर आले नाही. त्यांना वाटले, बाई दुसऱ्या लाइनीवर असतील, आता उचलतील. म्हणून ते फिरवतच राहिले. दोन गाठींमध्ये आग शिरलेली दिसली तेव्हा त्यांनी एका हाताने हँडल फिरवत दुसऱ्या हाताने जवळची जळती गाठ ओढून बाजूला काढण्याचा प्रयत्न केला. शेवटी ते धावत कार्यालयाकडे आले, तोवर दहा-बारा मिनिटे गेली होती. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे पुढे इस्पितळात काढावी लागली, उरलेली तीन वाकत नाहीत. प्रेस त्या वेळी चालू होती.

५. चौकशी १५ एप्रिल रोजी, आपल्या आधीच्या साहेबांसमोर झाली. पुष्पलताबाईंनी सांगितले, “मी जागेवरच होती. चौदाची झाकणी पडलीच नाही.” मग मला बोलावले. माझे रजिस्टर टेबलावर उघडे होते. मला विचारले, लाइन चांगली होती काय? मी म्हणालो, तीनदा तपासली, चांगली होती. मग विचारले, लाइन चांगली, बाई जागेवर, तर मग घंटी ऐकू कशी आली नाही?

सगळे माझ्याकडे पाहत होते. मला त्या खोलीतून लवकर बाहेर पडायचे होते, एवढेच मला आठवते. मी म्हणालो, “उन्हाळ्याचे दिवस आहेत साहेब, दुपारची डुलकी लागू शकते.”

मी बाईंना कधी डुलकी घेताना पाहिले नव्हते. अकरा वर्षांत एकदाही नाही. परंतु माझे वाक्य लिहून घेण्यात आले, आणि आदेशात ते ‘कामाच्या वेळी झोप घेतल्याने’ असे होऊन आले. तो आदेश फाटकाशेजारच्या फळ्यावर आठ दिवस लावलेला होता. पाळी बदलताना माणसे तो मोठ्याने वाचत. बाई आपला डबा आणि गादीची लहान उशी घेऊन त्याच फाटकातून गेल्या. उशी पाहून कुणीतरी काही बोलले. ती पाठीसाठी होती. दिवसभर त्या लाकडी खुर्चीवर बसत असत.

६. दि. २० जून रोजी जळालेली भिंत पाडून नवी बांधण्यासाठी मला चौदा नंबरची तार हलवावी लागली. भिंतीचा प्रेसघराकडचा भाग शाबूत होता, तो पाडायचा नव्हता. तेथे तारेत एक जोड होता. मी वरची पट्टी सोडली. आत तांबे काळे पडले होते आणि पिळांमध्ये रुईचे तंतू शिरले होते. मी जोडापलीकडे तपासणीचा फोन लावून त्याचे हँडल फिरवले आणि जोड बोटाने दाबला, तर झाकणी पडून बोर्डावरून उत्तर आले. बोट सैल केले, तर पडेना. भिंतीवर दोन थापा मारल्या, तर कधी पडे, कधी नाही. प्रेस चालू झाली की ती भिंत कशी हादरते हे या कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे. मी तिथेच शिडीवर बसून राहिलो.

७. तो जोड माझा होता. सन १९६८ मध्ये धनत्रयोदशीच्या दिवशी, गोदामाला नवे दार पाडल्यामुळे, ती तार मी वाढवली होती. जोड पिळून झाल्यावर त्याला शिशाचा डाग द्यायचा असतो, म्हणजे तो हलत नाही आणि आत हवा शिरत नाही. त्यासाठी कय्या, म्हणजे डाग देण्याचे अवजार, शेगडीत अर्धा तास तापवावा लागतो. मला चार वाजताची मांढळची एस.टी. गाठायची होती. बायको-मुले आधीच सासुरवाडीला गेली होती. दिवाळीनंतर येऊन डाग देऊ, असे ठरवून मी पट्टी गुंडाळली आणि निघालो. दिवाळीनंतर ते लक्षातून गेले. साडेपाच वर्षे तो जोड नुसत्या पिळांवर टिकून होता.

या प्रकरणातील माझी सर्वांत वाईट कृती मात्र जूनमधली आहे. मी तो जोड वितभर तारेसकट कापून खिशात घातला. त्या जागी नवीन तुकडा लावला आणि त्याला डाग दिला. त्या दिवशी मी कय्या लाल होईपर्यंत थांबलो. मग खाली उतरून रजिस्टरात लिहिले, ‘तार हलवली. लाइन ठीक.’ कापलेला तुकडा वाटेत फेकून देण्याच्या विचाराने मी इतवारीपर्यंत सायकल हातात धरून चालत गेलो. फेकला नाही. घरी फडताळात, चहाच्या डब्यात ठेवला. माझी पत्नी कौशल्या हिने विचारले, हे काय आहे? मी म्हणालो, कामाचं आहे.

८. भैयाजी बावणे आणि मी रोज सकाळी एकत्र चहा घेत होतो. त्यांना हलके काम म्हणून फाटकावर बसवले आहे. जूनपासून मी त्यांच्यासमोर बसून त्यांच्या बशीत चहा ओतून देत होतो, कारण कपाचा कान त्यांच्या उजव्या हातात धरवत नाही. दसऱ्याला सोने द्यायला गेलो तेव्हा त्यांनी डावा हात पुढे केला आणि म्हणाले, “माफ कर गा, उजवा त्या बाईनं खाल्ला. फिरवून फिरवून थकलो, अन् ती झोपून राहिली होती. तिचं कधी भलं होनार नाही.” मी पाने त्यांच्या डाव्या हातात ठेवली आणि घरी आलो. त्या दिवशी मला सणाचे जेवण गेले नाही.

९. त्यानंतर मी पहिला अर्ज केला. त्यात मी असे लिहिले : ‘सदर लाइनीमध्ये काही काळ दोष असण्याची शक्यता पूर्णतः नाकारता येत नाही.’ कोणी केलेला दोष, कोणाला सापडला, कधी सापडला, यातले काहीच नव्हते. अशा भाषेत माणूस लपतो हे मला लिहितानाही कळत होते. कार्यालयाने उत्तर दिले की आपल्याच रजिस्टरात लाइन निर्दोष असल्याच्या तीन नोंदी आहेत, सबब प्रकरण बंद. उत्तर बरोबर होते.

दुसऱ्या अर्जात मी जोड सापडल्याचे लिहिले, परंतु ‘पूर्वी केव्हातरी केलेला’ असे लिहून स्वतःला वगळले. त्यावर, पुरावा नसताना बडतर्फ स्त्री-कर्मचाऱ्याविषयी अनुचित सहानुभूती दाखवल्याबद्दल मला ताकीद मिळाली. कारखान्यात माझ्या आणि बाईंच्या नावाने वाईटसाईट बोलले जाऊ लागले. म्हणजे त्यांना मदत करण्याच्या नावाखाली मी त्यांच्यावर दुसरा डाग लावला. पुरावा नाही, असे कार्यालयाने कळवले त्या दिवशी पुरावा माझ्या घरी चहाच्या डब्यात होता. तो दिला असता तर जोड माझा असल्याचे सांगावे लागले असते. मला तीन मुली आहेत आणि मी भ्यालो. हे कारण म्हणून सांगत नाही, झाले ते सांगतो.

१०. शनिवार दि. ११ जानेवारी रोजी, आपण मुंबईस गेले असताना, मी परवानगीशिवाय खालील कृत्य केले. जूनमध्ये कापलेला तुकडा घरून आणला आणि त्याच जागी, त्याच भिंतीवर परत बसवला. प्रेस फोरमन देवाजी हटवार, बोर्डावरील नवीन ऑपरेटर वच्छला अंजनकर आणि स्वतः भैयाजी बावणे यांना मी त्याआधी जोड माझा असल्याचे सांगितले होते, तो मला कधी सापडला ते मात्र नाही. गोदामातला फोन भैयाजींनी फिरवला. तो दुसऱ्या कुणी फिरवू नये असे त्यांनीच सांगितले.

प्रेस बंद ठेवून वीस वेळा हँडल फिरवले. वीसही वेळा झाकणी पडली. मग देवाजींनी प्रेस सुरू केली. पुन्हा वीस वेळा फिरवले. सहा वेळा पडली, चौदा वेळा पडली नाही. वच्छलाबाई डोळे न हलवता बोर्डासमोर बसल्या होत्या आणि प्रत्येक वेळी पडली की नाही ते कागदावर लिहीत होत्या. शेवटी मी तो तुकडा काढून डाग दिलेला तुकडा परत लावला. प्रेस चालू असतानाच वीसपैकी वीस पडल्या. लाइन आता निर्धोक आहे.

मी गोदामात गेलो तेव्हा भैयाजी अजून हँडल धरून उभे होते. त्यांनी विचारले, “तुले जूनपासून मालूम होतं?” मी हो म्हणालो. ते म्हणाले, “सात महिने तू माह्या बशीत चहा ओतून राहिला. अन् मी त्या बाईले शिव्या देऊन राहिलो. मले थांबवलं काहून नाही तू?” ते फाटकावर निघून गेले. त्या दिवसापासून ते चहाला येत नाहीत.

११. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी कुहीला गेलो. पुष्पलताबाईंनी इतवारीतली खोली सोडली असून त्या आईसह भावाकडे राहतात. बडतर्फीच्या कागदावर ‘झोप’ हा शब्द असल्याने त्यांना कुठल्याच बोर्डावर काम मिळाले नाही. त्या भावाच्या शेतात मिरची तोडत होत्या. मी बांधावर उभा राहून सर्व सांगितले, तपासण्या सुट्टीत केल्यापासून आदल्या दिवशीच्या प्रयोगापर्यंत. त्यांचे भाऊ मधुकरराव मध्येच माझ्या अंगावर आले. बाईंनी त्यांना हाताने थांबवले. मला वाटले होते त्या रागावतील किंवा रडतील. त्यांनी विचारले, “कोणता जोड? प्रेसघराकडचा?” मी हो म्हणालो. “वीसपैकी किती पडल्या?” मी सांगितले, सहा.

त्या मिरचीच्या टोपलीशेजारी खाली बसल्या. मग म्हणाल्या, “भाऊ, तुमाले एक सांगू? एवढ्या लोकांनी सांगितलं, तुम्ही सांगितलं, कागदावर लिहून आलं. मले वाटायला लागलं होतं का खरंच माझा डोळा लागला असन. भैयाजीचा हात माझ्याचमुळे गेला असन. नऊ महिने मी रोज तो दिवस आठवून पाहून राहिली. पावणेचारला मी काय करत होती, कोणाशी बोलत होती. डोळा मिटला होता का.”

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्या मागे सरकल्या आणि म्हणाल्या, “ते नको. नोकरीचं पाहू मागून, माझं मी ठरवीन. पहिले ते कागदावरचं काढून आणा. अन् फळ्यावर लावा, जिथं ते लावलं होतं तिथंच. आठ दिवस.”

१२. सबब विनंती की, कु. डोर्लीकर यांच्या बडतर्फीचा आदेश रद्द करून त्यांच्या सेवापुस्तकातील झोपेचा शेरा काढण्यात यावा, आणि तसा आदेश फाटकाशेजारच्या त्याच फळ्यावर आठ दिवस लावण्यात यावा. त्यांना त्यांच्या जागेवर परत बोलावण्यात यावे; यायचे की नाही हे त्यांच्यावर सोडावे. वच्छलाबाईंचे यात काही नुकसान होऊ नये. बोर्डाला दोन पाळ्या आहेत आणि दोन ऑपरेटर लागतात, हे मी नम्रपणे निदर्शनास आणतो.

माझ्यावर पुढील आरोप ठेवण्यात यावेत : अर्धवट काम पूर्ण दाखवणे, तपासणी खोटी लिहिणे, चौकशीत न पाहिलेली गोष्ट सांगणे, पुरावा लपवणे, दोन अर्जांत सत्य दडवणे आणि विनापरवानगी लाइनीस हात लावणे. यांपैकी एकही मी नाकारणार नाही. फक्त एवढीच प्रार्थना की माझ्या चौकशीत पुष्पलताबाईंना बसवावे आणि प्रश्न त्यांना विचारू द्यावेत. टेलिफोनच्या लाइनीतले त्यांना माझ्यापेक्षा अधिक कळते, हे आता सिद्ध झालेले आहे.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारा, आपला अपराधी सेवक,

(सही)
बाबाराव नत्थूजी गिरडकर
नागपूर, दि. १५ जानेवारी १९७५

सोबत :
१) पु. मा. डोर्लीकर यांच्या तीन लेखी तक्रारी (मूळ. या माझ्याकडेच पडून होत्या, चौकशीत सादर केल्या नव्हत्या).
२) दोषी जोड, वितभर तारेसह, पाकिटात बंद.
३) दि. ११ जानेवारीच्या तपासणीचा कागद, वच्छला अंजनकर यांच्या हस्ताक्षरात, देवाजी हटवार यांच्या सहीसह.
४) रजिस्टरातील माझ्या चार खोट्या नोंदींची नक्कल.

प्रत रवाना :
१) कु. पुष्पलता मारोतराव डोर्लीकर, कुही (रजिस्टर पोस्टाने).
२) श्री. भैयाजी बावणे, पहारेकरी. त्यांना वाचता येत नसल्याने हा अर्ज मी आज फाटकावर बसून पहिल्या ओळीपासून त्यांना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला.